मोकळं पाणी

१

इस्तारी ढिवर सकाळी तलावावर जाताना कोणाशी बोलायचा नाही. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या वेळी त्याला कोणी हाकही मारायचं नाही. खांद्यावर फेकजाळं, कमरेला बांबूची टोपली, गालात तंबाखू. पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर चढायचं, एक पिंक टाकायची आणि पाण्याकडे बघत उभं राहायचं. पाणी न बघता जाळं फेकणारा ढिवर त्याच्या मते ढिवरच नव्हे, तो नुसता आंघोळीला आलेला माणूस. आणि हे तो तोंडावर सांगायचा, समोर कोण आहे त्याची पर्वा न करता.

पण त्या वैशाखात बघण्यासारखं पाणीच राहिलं नव्हतं.

चामोर्शीपासून अडीच कोसांवर, जंगलाला लागून खैरटोली. वरच्या अंगाला धानाची शेती करणाऱ्या कुणब्यांची घरं, आणि तलावाच्या काठाला अकरा घरं ढिवरांची. तलाव मालगुजाराच्या पणज्याने बांधलेला. मालगुजार होता तोवर शिव्या देऊन का होईना, दर उन्हाळ्यात गाळ काढून घ्यायचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, आणि सरकारचा झाला म्हणजे कोणाचाच उरला नाही. चार वर्षं तिथे कोणी फावडं लावलं नाही. मागचा पावसाळाही कोरडाच गेला. दिवसभर ढोरं काठच्या उथळ, कोमट पाण्यात बसून राहायची.

आणि एका सकाळी तलाव हिरवा झाला.

आता तुम्ही म्हणाल, शेवाळ धरलं असेल, त्यात काय एवढं. शेवाळ ढिवराला नवं नाही हो. शेवाळ हाताला लागतं, त्याला तंतू असतात, बांबूला गुंडाळून बाहेर ओढता येतं. हे ओढायला गेलं की बोटांतून गळून जायचं. भिंतीला द्यायला रंग कालवावा तसं दाट, काठापासून काठापर्यंत. आणि वास असा, की पाळीवर उभं राहिलं तरी घशात बसायचा.

त्या हिरव्याच्या खालून आवाज यायचा. चुप, चुप, चुप. हजारो मासोळ्या तोंड वर काढून हवा घेत होत्या. तीन दिवस तो आवाज चालला. चौथ्या दिवशी थांबला, आणि रोहू, बोटऱ्या, चिखलात महिनाभर जगणारी मरळसुद्धा, पोट वर करून काठाला लागल्या.

२

गावातले दोन बैल आणि पाच शेळ्या त्या पाण्याने मेल्या, तेव्हा चांद्याहून एक साहेब आले. त्यांनी बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरून बघितलं आणि सांगितलं, की हा पाण्यातल्या वनस्पतीचाच प्रकार आहे, उष्णतेने वाढतो. पाणी पिऊ नका, मासे खाऊ नका, ढोरं सोडू नका. पाऊस पडला की जाईल.

"तोपर्यंत खाऊ काय आम्ही?" इस्तारीने विचारलं.

साहेबांनी बाटलीला बूच लावलं. ते बिचारे तरी काय सांगणार?

तेंदूपत्त्याचं काम निघालं होतं, पण ते पंधरवड्याचं. वैनगंगेवर मार्कंड्याच्या बाजूला दुसऱ्या ढिवरांचा हक्क, तिथे जाळं टाकलं तर डोकी फुटली असती. अकरा घरांतल्या चुली एकवेळ पेटायला लागल्या होत्या. तरी इस्तारी सवयीने रोज पाळीवर जायचा. मेलेल्या माणसाच्या खाटेपाशी बसावं तसा बसून यायचा.

आठव्या का नवव्या सकाळी त्याला ती वाट दिसली.

ढिवरांच्या घाटापासून थेट तलावाच्या मधोमध एक मोकळ्या पाण्याचा पट्टा गेला होता. दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद. दोन्ही बाजूंना ती हिरवी साय, आणि मध्ये काळंभोर, स्वच्छ पाणी. कडा दोरी धरून आखल्यासारख्या सरळ.

वारा असेल, इस्तारीने मनाशी म्हटलं. पण झाडाचं पान हलत नव्हतं. शिवाय वारा साय एका काठाला लोटतो, मधोमध भांग पाडत नाही. तळाशी झरा फुटला असेल. पण झरा गोल दिसतो. साहेबांनी औषध टाकलं असेल. पण साहेब घाटावर उतरलेच नव्हते, त्यांचे बूट खराब झाले असते.

त्याने लांब बांबू घेतला आणि कडेची साय त्या मोकळ्या पाण्यात लोटली. हिरवा गोळा पट्ट्यात आला, क्षणभर तरंगला, आणि हळूहळू मागे सरकून आपल्या जागी जाऊन बसला. कड पुन्हा सरळ झाली.

पाण्यात हात घालायचा त्याला धीर झाला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं होतं, आणि त्याचा त्याला रागही आला.

३

मुखरू म्हणजे इस्तारीचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आईबाप पटकीत गेले तेव्हा तो दुधाच्या दातांचा होता. इस्तारीने त्याला खांद्यावर बसवून जाळं फेकायला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःची बायको वारल्यावर इस्तारीने दुसरी केली नाही. मुखरू, त्याची बायको भागीरथा आणि इस्तारी, तिघं एका घरात. मुखरू मोठा हसरा माणूस, शिवी दिली तरी हसायचा.

इस्तारीने त्याला पट्टा दाखवला तो बरोबर कोणीतरी असावं म्हणून. मुखरूने बघितलं आणि धोतराचा काचा मारला.

"उतरू नको, मुखरू."

"काऊन? पाणी तं आरशावानी आहे. पाहा ना, रोहू फिरून राह्यले तिथी."

खरंच फिरत होते. जिवंत, चकचकीत, हातभर लांबीचे. आठ दिवस सगळ्यांच्या ताटात अंबाडीची भाजी होती. इस्तारी अजून 'नको' म्हणतच होता, तोवर मुखरू कमरेएवढ्या पाण्यात पोचला, दोन पावलं पुढे गेला आणि बुडाला.

बुडी मारणं ढिवराला काय नवीन. पण इस्तारी उभ्या उभ्या मनात श्वास मोजत होता. त्याचा स्वतःचा दम तीनदा संपला. पाण्यावर बुडबुडा नाही, तरंग नाही. तो पाळीवरून खाली धावला, तेवढ्यात मुखरू वर आला. बुडाला होता तिथेच, पाठमोरा. दोन्ही हातांत एकेक रोहू.

तो वळला. हसत होता.

"पाणी साफ आहे, भाऊ," तो म्हणाला.

४

रोहू भागीरथाने शिजवले. इस्तारीने ताट सरकवलं. साहेबांनी सांगितलं होतं, हे कारण त्याला पुरेसं होतं. दुसऱ्या सकाळी मुखरू धडधाकट उठला. भागीरथाही. मग इस्तारीला आपलीच लाज वाटली, की भरल्या घरात आपण उगाच अभद्र बघतो आहोत.

फक्त एक होतं. घरातली जमीन शेणाने सारवलेली, आणि वैशाखातलं ऊन असं, की सांडलेलं पाणी बघता बघता उडून जावं. मुखरूची ओली पावलं मात्र उमटली तशीच राहायची. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून खाटेपर्यंत. भागीरथा फडक्याने पुसायची, आणि तो उठून फिरला की पुन्हा तशीच. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पाय पुसून येत जा म्हणून सांगा बाप्पा कोणी त्याईले."

मुखरू तलावावरून दुपारीच आलेला होता, आणि आता दिवस कलला होता.

तो घरात टिकेनासा झाला. अकराही घरं पालथी घातली त्याने. प्रत्येकाच्या ओट्यावर बसायचा, हसायचा आणि सांगायचा, पाणी साफ आहे, उद्या या. गप्पा करणारा माणूस, पण आता तेवढंच बोलायचा. पहिल्या दिवशी दोघं गेले, दुसऱ्या दिवशी सात. उतरायचे, टोपली भरायचे आणि निघायचे. कोणाला काही झालं नाही. पट्टाही रोज थोडा रुंद होत होता. घराघरातून माशाच्या रश्श्याचा वास यायला लागला, आणि लोक मुखरूला देवमाणूस म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला इस्तारी ओट्यावर बसला होता. आत मुखरू एकटाच पडला होता. आणि इस्तारीला तो आवाज आला. चुप, चुप. थोडं थांबून पुन्हा, चुप.

पाल असेल, तो म्हणाला. मांजर पाणी पीत असेल. उठून बघायचं म्हटलं तर चार पावलांचं अंतर होतं. तो उठला नाही.

५

त्यापेक्षा केवळराम म्हाताऱ्याकडे जाऊन बसलेलं बरं, असं त्याला वाटलं. केवळराम टोलीतला सगळ्यात जुना ढिवर. दोन्ही डोळ्यांत सारा पडलेला, पण बोटांनी चाचपून जाळं विणायचा. त्याच्या घरीही रस्सा रटरटत होता.

"तुह्या भावानं जगवलं गा आम्हाले," केवळराम म्हणाला. "उद्या आमची सून बी जाते म्हणते. लेकरं बी. मुखरू सांगून गेला, उद्या सारेच्या सारे उतरा, मधापर्यंत जाऊ म्हणे. मधात लई मासोळी आहे म्हणे."

"सारे काऊन?"

"मले काय मालूम? ढिवर झाला तं त्याले सारेच पायजेत." म्हातारा आपल्याच बोलण्यावर हसला. जाळ्याची गाठ मारून त्याने दात लावून दोरा तोडला. "आपण नाई करत का गा? पाण्यात शेवाळ माजलं का मधात जागा मोकळी करतो. मासोळी तिथी हवा खायाले येते. तीन दिवस भुजलेला कोंडा टाकतो. जाळं तं दाखवतच नाई. खा म्हणतो, मजा कर. अन् पहिली जे हाती येते..."

"तिले सोडून देतो," इस्तारी म्हणाला.

"सोडून देतो. माहा बाप तं तिच्या तोंडात कोंडा घालून सोडे. ते जाते, बाकीच्याईले सांगते. चौथ्या दिवशी पाहा, पाय ठेवाले जागा नाई राहत."

इस्तारीने हे आजवर पन्नासदा केलं होतं. त्याला ती पहिली मासोळी हातात कशी वळवळते ते ठाऊक होतं. सोडल्यावर ती क्षणभर जागच्या जागी थांबते, जणू तिचा विश्वास बसत नाही, आणि मग पाठ फिरवून जाते. आपण तेव्हा हसतो.

शुद्ध वेडेपणा आहे, तो स्वतःला म्हणाला. उपाशी पोटाने डोकं फिरलंय. तलावात मासे असतात, ढिवर नसतात.

पण उद्या चौथा दिवस होता, हे काही वेडेपणाने खोटं होत नव्हतं.

६

पहाटे मुखरू दाराकडे निघाला तेव्हा इस्तारी दोर घेऊन उभा होता.

झटापट झाली नाही. हीच गोष्ट त्याला नंतर सलत राहिली. मुखरू अंगाने दुप्पट, मनात आणलं असतं तर त्याला उचलून बाजूला ठेवलं असतं. पण भावाने हात धरले तसे त्याने ते पुढे केले. लहानपणी ताप आला की असेच हात पुढे करायचा. इस्तारीने त्याला मधल्या खांबाला बांधलं. मुखरूची मनगटं गार आणि गुळगुळीत लागली, आणि दोर दोनदा सुटला.

पाळीवर अकरा घरांची माणसं जमली होती. बाया, पोरं, टोपल्या, जाळी. ढिवरांत रीत अशी, की ज्याने पाणी दाखवलं त्याने हाक दिल्याशिवाय दुसऱ्याने पाण्यात पाय घालायचा नाही. सगळे मुखरूच्या हाकेची वाट बघत उभे होते. पट्टा आता गाडीवाटेएवढा रुंद झाला होता. रोहूंच्या पाठी पाण्यावर दिसत होत्या, इतक्या दाटीने, की हात घातला तर सापडाव्यात.

"मुखरू बिमार आहे," इस्तारीने सांगितलं. "आज कोणी उतराचं नाई."

"मंग तू हाक दे."

"मी नाई देत."

लोक चिडले. एकाने तर बोलूनही दाखवलं, की भावाचं चांगलं झालेलं याला बघवत नाही. इस्तारी पाळीवर ऊन चढेपर्यंत आडवा उभा राहिला. शेवटी माणसं शिव्या घालत पांगली. पाण्यात रोहू मात्र पांगले नाहीत. घाटाकडे तोंडं करून जागच्या जागी राहिले.

तो घरी आला तर खांबाखालची जमीन ओली होती. मुखरूचे ओठ फाटले होते, पायाची कातडी पांढरी पडून सोलायला आली होती. तो तोंड उघडत होता, मिटत होता. चुप. चुप.

"भाऊ, पाय जळून राह्यले माहे," तो म्हणाला. "पाण्यात ठेवू दे ना. थोडकेच."

भागीरथाने हंडाभर विहिरीचं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. त्याला त्याने काही बरं वाटलं नाही.

दोन दिवस असे गेले. पेज ओठांवरून खाली ओघळायची. जमिनीवर टाकलेली मासोळी मरताना इस्तारीने जन्मभर पाहिली होती, आणि कधी त्याला तिची दया आली नव्हती. आता त्याच खोलीत बसून तो बघत होता, श्वासाश्वासातलं अंतर कसं वाढत जातं. सोडला तर हाक देईल, आणि अकरा घरं पाण्यात जातील. नाही सोडला तर खांबालाच मरेल. भागीरथा चुलीपुढे बसून रडायची. एकदा ती जाळाकडे बघत म्हणाली, "ज्यानं वाढवलं त्यानंच मारावं, असं कुठी असते का?"

इस्तारीला ते शब्द आरपार लागले.

७

तिसऱ्या दिवशी चामोर्शीचा बाजार होता. टोली सकाळीच रिकामी झाली, माणसं सुकवलेले रोहू डोक्यावर घेऊन गेली. भागीरथालाही त्याने पाठवलं, केवळरामच्या सुनेबरोबर, वैद्याकडून औषध आण म्हणून. औषधाचा काही उपयोग नाही हे तिला कळत होतं का, कोण जाणे. ती दारात दोनदा थांबली आणि मग गेली.

दुपारी टोलीत फक्त आंधळा केवळराम होता, आणि तो झोपला होता.

इस्तारीने दोर सोडला. आधी आपला दुपट्टा मुखरूच्या तोंडावर बांधला, घट्ट, मागे दोन गाठी मारून. मुखरू बांधू देत होता. त्याच्या डोळ्यांत ना राग होता ना भीती. इस्तारीला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं रे पोरा. हात धरून त्याने त्याला पाळीपर्यंत नेलं. उन्हात जमीन तापली होती, आणि मागे दोन माणसांची पावलं उमटत होती, एकाची कोरडी, एकाची ओली.

घाटावर इस्तारीने हात सोडला. म्हणजे त्याला तसं वाटलं. सोडला की सुटला, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

मुखरू पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत गेला. मग पुढे चालत राहिला, आणि पाणी गुडघ्यापर्यंतच राहिलं. इस्तारीने त्या तलावात जन्म काढला होता. घाटापासून दहा पावलांवर गळ्याएवढं होतं, आणि मधोमध, उन्हाळ्यातसुद्धा, दोन पुरुष. मुखरू दहा पावलं गेला, वीस गेला, पन्नास गेला. पाणी गुडघ्याच्या वर चढलं नाही. तो कशावर तरी चालत होता, आणि जे काही खाली होतं ते त्याच्या प्रत्येक पावलागणिक किंचित दबत होतं, कारण दोन्ही कडांची साय तेवढ्यापुरती हलायची.

रोहू वाट सोडून बाजूला झाले.

मधोमध पोचल्यावर मुखरू थांबला. चारी बाजूंची हिरवी साय वीतभर वर उचलली गेली, कडेकडेने, सगळ्या बाजूंनी एकदम. तिच्याखाली काय होतं ते इस्तारीने बघितलं, आणि बघितलं नाही. बोटं होती म्हणावं तर इतकी लांब बोटं कुठे असतात? ती गाठी मारत होती का सोडत होती, तेही त्याला कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की ते काम करणाऱ्याला घाई नव्हती.

मुखरूने तोंडावरचा दुपट्टा हळूच काढला.

"भाऊ," तो म्हणाला. अंतर एवढं, तरी आवाज कानाशी बोलावा तसा आला. "ये ना. पाणी साफ आहे."

इस्तारीने खाली बघितलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. कधी उतरला, कसा उतरला, त्याला आठवत नव्हतं. पायाखाली गाळ लागत नव्हता. पायाखाली काहीतरी मऊ होतं, आणि ते उबदार होतं.

तो कसा वळला आणि पाळीवर कसा चढला ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. हातांची नखं मातीने फाटली होती. मागे वळून बघितलं तेव्हा तलाव काठापासून काठापर्यंत हिरवा होता. पट्टा नव्हता. मुखरू नव्हता.

८

लोकांना त्याने सांगितलं, की मुखरूने दोर तोडला आणि पाण्यात गेला. तापात होता, सगळ्यांनी मान्य केलं. साय आठ दिवसांत विरून गेली, पाऊस पडायच्या आधीच. साहेबांना ते कळलं असतं तर त्यांनी काहीतरी कारण सांगितलं असतं, आणि इस्तारीला ते ऐकायला फार आवडलं असतं. प्रेत वर आलं नाही.

ढिवर पुन्हा तलावात उतरायला लागले. इस्तारी उतरला नाही. मोहाच्या झाडाखाली बसून दोर वळायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, कंबर धरली आहे.

तेराव्याचे पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी भागीरथाने भाकर त्याच्यापुढे ठेवली आणि ती तिथेच उभी राहिली. सात वर्षांत ती भासऱ्याशी, म्हणजे या थोरल्या दिराशी, थेट बोलली नव्हती. जे काय सांगायचं ते चुलीला, भिंतीला, नाहीतर नवऱ्याला सांगायची. आज डोक्यावरचा पदर सावरून तिने सरळ त्याच्याकडे बघितलं.

"जाताना काही बोलले का ते?"

"नाई," इस्तारी म्हणाला. "काही नाई बोलला."

"खोटं काऊन बोलता, भाऊजी?"

इस्तारीने घास परत ताटात ठेवला.

"रोज सकाळी बोलावतात मले. तुम्ही बाहेर बसून राह्यता ना, तवा. माहं नाव घेऊन बोलावतात, लग्नाच्या पहिल्या साली घेत तसं. पाणी साफ आहे म्हणतात." ती शांतपणे सांगत होती, बाजारात काय भाव होता ते सांगावं तशी. "मी इतके दिवस नाई म्हणून राह्यली. तेरावं होऊ द्या म्हटलं. तुमच्या भाकरीचं कोण पाहीन म्हटलं. आज सांगून देलं, येऊन राह्यली म्हणून."

तिने दाराशी ठेवलेली घागर उचलली.

इस्तारी उठला. खुंटीवर दोर होता, त्याचाच वळलेला. तो घेऊन तो दारात आडवा उभा राहिला.

"घागर खाली ठेव, बाई," तो म्हणाला.

भागीरथाने घागर खाली ठेवली. दोन्ही मनगटं जोडून तिने त्याच्यापुढे धरली.

"बांधा," ती म्हणाली. "त्याईले बांधलं तसं मले बी बांधा. पण दोन दिवसानं मले पाण्यापर्यंत कोण नेईन, ते पहिले सांगा."

इस्तारीने तोंड उघडलं. मिटलं. दोर हातात धरून तो तिथेच उभा राहिला, आणि भागीरथा हात पुढे करून थांबली.